घरून फोन आला तर

अक्का, आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात वळेल. पेटी मीच मागवली. तुमच्या मुलानं, रघूनं नाही, तात्यांनी नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला जो नंबर चिकटवलाय, ज्याच्याकडे बघून तुम्ही दर वेळी तोंड वाकडं करायचात, तोच नंबर मी लावला. पाऊण तासात टेम्पो दारात. वर काचेचं झाकण, खाली मोटार, ही लांबलचक वायर. बर्फाची पेटी म्हणतात तिला इथे, गेलेल्या माणसाला घरी ठेवायची, पण आत बर्फाचा खडासुद्धा नसतो. तुमच्या हॉलमध्ये धड चालणारा प्लग एकच, आणि त्यात तुमचा तो आतून दिवा लागणारा पृथ्वीचा गोल लावलेला. मी गोलाची वायर काढली आणि पेटीची लावली.

त्या वेळी तुमचा कागद वर माझ्या कपाटात होता, साड्यांच्या घडीखाली. "मला पेटींत ठेवायचें नाहीं. सूर्य मावळायच्या आंत न्यायचें. रघूला पळवायचें नाहीं." खाली सही आणि तारीख, शाळेत नोटीस लावावी तसं. दोन वर्षांपूर्वी इस्पितळातून घरी आलात तेव्हा तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "बाकी सगळे रघूचा आवाज ऐकून विरघळतील. तूं विरघळणारी नव्हेस. म्हणून तुला देतें." मी शब्द दिला होता. आणि तुम्ही गेलात त्या सकाळी तुमचे दीर, तात्या, काठी टेकत आले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनी विचारलं, "अक्का कांहीं लिहून ठेवली काय गे?"

मी म्हटलं, "नाही."

तीन आठवडे झाले त्याला. मला एका जागी बसवत नाही. वर जाते, खाली येते, तुमच्या हॉलचं कुलूप उघडते, खिडक्या उघडते, परत लावते. कपालीश्वराच्या देवळाकडून नादस्वर ऐकू आला की उगाच चिडते. ऑफिसच्या बसमध्ये दीड तास इरुंगाट्टुकोट्टैपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आणि येताना पुन्हा दीड तास. माझी बाजू मांडते. तुम्ही उत्तर देत नाही, हे तुमच्या स्वभावात बसत नाही. म्हणून लिहायला बसले.

अकरा वर्षांपूर्वी मी कराडहून इथे आले, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, ट्रेनिंग विभागात. मला वाटलं होतं, नोकरी म्हणजे नोकरी, कराड काय नि चेन्नई काय. मैलापुरात तुमच्या वरची खोली मिळाली, आणि घरमालकीण मराठी बोलते म्हटल्यावर तर मी आईला फोन करून सांगितलं की परदेशी आल्यासारखं वाटतच नाही. मग तुम्ही बोलायला लागलात. आजीच्याही आजीनं बोलावं तसं मराठी, वर तमिळ हेल, आणि मधूनच "सरी, सरी" म्हणून मान डोलावणं. मला निम्मं कळायचं. तुम्हाला माझं पाऊण कळायचं, पण तुम्ही ते "गडबडीचें मराठी" म्हणून बाजूला सारायचात.

पहिल्याच आठवड्यातला तो गुलाब. मी ऑटोतून घरी येत होते. समोरून ढोल, फटाके, नाचणारी माणसं, फुलांनी मढवलेली गाडी, आणि तिच्यावरून रस्ताभर फुलं उधळणं चाललेलं. एक गुलाबी गुलाब थेट माझ्या मांडीवर येऊन पडला. काय दिलदार गाव आहे, वरातीत अनोळखी बाईलाही फूल मिळतं, असं म्हणत मी तो केसांत खोवला आणि ऐटीत जिना चढायला लागले. तुम्ही दारातच उभ्या.

"हें फूल कोठून आणलीस?"

"लग्नाची वरात होती, अक्का. केवढी थोरली!"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "वरातच ती. नवरदेव आडवा होता, तूं पाहिली नाहींस."

माझ्या डोक्यात उजेड पडायला मिनिटभर लागला. मग मी अशी किंचाळले, की समोरच्या दुकानदारानं डोकं बाहेर काढलं. तुम्ही मला मागच्या दारी नेऊन अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून तीन बादल्या ओतल्यात आणि चौथी ओतताना हसू आवरेना म्हणून धुण्याच्या दगडावर बसलात. संध्याकाळी एक जाड वही काढलीत. डाव्या पानावर मला माझ्या हातानं लिहायला लावलंत: प्रेतयात्रेतलं फूल केसांत माळलं. उजव्या पानावर तुम्ही लाल शाईनं शेरा मारलात: "गुलाब सुंदर होता. डोकें धुणें."

ती तुमची चुकांची वही. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, जन्मात पासपोर्ट न काढलेल्या बाईकडे दर शनिवारी नऊ-दहा तरुण मुलं परदेशी जायच्या आधी शिकायला येतात, हे मी कंपनीत सांगितलं तेव्हा साहेब हसले होते. आधी तुमचे जुने विद्यार्थी सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून आपल्या मित्रांना पाठवायचे. मग मी आमच्या कारखान्यातले सुपरवायझर आणायला लागले, जर्मनीला, कोरियाला निघालेले. चटईवर सगळे गोल बसायचे, मधे तुमचा पृथ्वीचा गोल. तुमची अट एकच: परत आलात की प्रत्येकानं तिकडे केलेली एक चूक आणून या वहीत लिहायची. पुढच्यांना तुम्ही त्यातूनच शिकवायचात.

माझ्याकडे सगळ्याची स्लाइड असते. पहिले शंभर दिवस, काय करावं, काय करू नये. तुम्ही माझ्या स्लाइडा बघितल्यात आणि विचारलंत, "हें सगळें केल्यावर मनुष्य उरतो कीं नाहीं?" मी रागावले. "जुळवून घेणं" हा माझा आवडता शब्द, आणि तो ऐकला की तुमच्या कपाळाला आठ्या. मी म्हटलं, तुम्हाला काय कळणार अक्का, तुम्ही कुठे गेलाच नाहीत. तुम्ही म्हणालात, "आम्ही मराठी लोक इकडे येऊन तीनशें वर्षें झालीं गे. अजून सामान सोडतों आहों."

तिरुवळ्ळूरच्या त्या इंजिनिअरचं पान अजून मुलांना सगळ्यात आवडतं. नव्या घरात पाऊल टाकताना दूध उतू घालवायची रीत कराडातही आहे, इथेही. त्यानं जर्मनीत घरमालकाच्या काचेच्या शेगडीवर लिटरभर दूध भक्तिभावानं उतू घालवलं. धूर झाला, छतावरची घंटा केकाटायला लागली, बंबवाले शिडी घेऊन आले, आणि हा गडी दारात उभा राहून त्यांच्या हातावर साखर ठेवत होता, कारण शुभ दिवशी आपणहून पाहुणे आले होते. लाल शाई म्हणते: "पुढल्या वेळीं पातेलें मोठें, दूध थोडें. साखर वाटलास हें उत्तम." आणि कोरियातला तो, ज्यानं कंपनीच्या कोऱ्या गाडीच्या चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि पहारेकऱ्यांनी बाँब समजून सगळं आवार रिकामं केलं. तुम्ही हे वाचून दाखवताना कधी हसायचा नाहीत. मुलंच लोळायची. आणि हसून झालं की जायची भीती जरा कमी झालेली असायची, हे मला फार उशिरा कळलं.

मग माझ्या इथल्या तिसऱ्या वर्षी सर गेले. तुमचे यजमान, ज्यांना मी सर म्हणायचे. रघू कॅनडाहून निघाला आणि त्याच्यासाठी तुमच्या याच हॉलमध्ये पेटी आली. दोन दिवस. तुम्ही तिच्या शेजारी खुर्चीवर ताठ बसून होतात. लोक यायचे, हार ठेवायचे, बाहेर खुर्च्यांवर बसून कॉफी प्यायचे, पेपर वाचायचे. दुपारी वीज गेली तेव्हा पळापळ करून जनरेटर आणला, तो दारात धडधडत राहिला. रघू पोचला तेव्हा त्याचे पाय सुजून बुटांतून निघेनात. त्यानं सगळं केलं, जे जे सांगितलं ते केलं, तेराव्याला जेवला आणि चौदाव्याला विमानात बसला.

तो गेल्यावर तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसून मला सांगितलंत. "दोन दिवस मी रडलें नाहीं. ते गेले असें वाटेचना. ती पेटी वाजत होती, जसें आंत ते घोरताहेत." आणि मग, "रघू मला जातांना सांगितला, अम्मा, मला कांहींच वाटलें नाहीं, उभ्याउभ्या झोंप येत होती."

त्यानंतरच्या शनिवारपासून तुमच्या वर्गाला एक शेवटचा धडा जोडला गेला. घरून फोन आला तर. तुम्ही तो फळ्यावर लिहायचात. त्यात शिकवायचं काही नव्हतं. गृहपाठ होता. घरी जायचं, आईला, वडिलांना, आजी असली तर आजीला समोर बसवून विचारायचं: मी तिकडे असताना तुमचं काही झालं, तर मी पोचेपर्यंत थांबवायचं का तुम्हाला? आणि उत्तर घेऊन पुढच्या शनिवारी यायचं. निम्मी मुलं मान खाली घालून यायची, नाही विचारवलं म्हणायची. तुम्ही त्यांना परत पाठवायचात. एका मुलीच्या आजीनं सांगितलं होतं, थांबवायचं असेल तर निळी पट्टूची रेशमी साडी नेसवा, येणारे-जाणारे बघणार. त्या दिवशी मात्र तुम्ही हसलात.

मी भांडले तुमच्याशी. साहेबांकडे तक्रार आली होती, मुलं घरी जाऊन रडतात म्हणून. हा काय धडा झाला? तुम्ही म्हणालात, "तेथें भाषा चुकली तर कोणी सांगेल, जेवण चुकलें तर पोट सांगेल. हें चुकलें तर कोण सांगेल?"

आणि मग चौथ्या वर्षी माझीच पाळी आली. दीड वर्ष जर्मनी, आमच्या मूळ कंपनीत. तुम्ही मला चटईवर बसवलंत, इतरांसारखंच. शेवटचा धडा झाला. मी कराडला जाऊन आले. तुम्ही विचारलंत, "विचारलीस?"

"विचारलं. बाबा म्हणाले, थांबायचं काही कारण नाही, तिनं धावपळ करू नये."

खोटं बोलले, अक्का. बाबा अंगणात खुर्ची टाकून पायाची नखं काढत होते. मी त्यांच्यासमोर दोनदा जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय गं, पैसे हवेत का?" मी म्हटलं, "नाही, असंच." आणि आत जाऊन आईला भाजी निवडू लागले. बाबांच्या नावानं जे उत्तर मी तुम्हाला दिलं, ते मी येताना गाडीत बसून तयार केलं होतं. तुम्ही लाल पेन उचललंत, माझ्या नावापुढे बरोबरची खूण केलीत. एवढी एकच खूण तुमच्या वहीत खोटी आहे.

तिकडे सातव्या महिन्यात दादाचा फोन आला. तिथे पहाट, कराडात सकाळचे नऊ. बाबा अंघोळ करून बाहेर आले आणि बसले ते बसलेच. मी म्हटलं, मी निघते. दादा म्हणाला, "ऊन फार आहे, तुला यायला दोन दिवस लागणार. इथं कुणी ठेवत नाही एवढं, तुला माहीत आहे." मला माहीत होतं. दुपारी चुलतभावानं व्हिडिओ लावला, आणि चित्र गोठलं ते कुणाच्या तरी छत्रीवर. काळी छत्री, एक काडी बाहेर आलेली. बाबांचं शेवटचं दर्शन म्हणून मी ती छत्री बघितली.

त्या संध्याकाळी मी खोली झाडली. सहा कप होते, ते सहाही धुऊन पुसून ठेवले, चहाचं पाणी मोजून ठेवलं. कुणी गेलं की लोक येऊन बसतात, हे मला इतकं गृहीत होतं की तिथे कुणी येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साहेबाला मी सकाळीच कळवलं होतं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे नेहमीसारखे, उलट जरा हळू बोलत होते. चौथ्या दिवशी पोस्टानं काळ्या कडेचं कार्ड आलं, ऑफिसात माझ्या खोलीत बसणाऱ्या अकराही जणांच्या सह्या असलेलं. माझ्या टेबलापासून तीन हातांवर बसणारी बाई, तिनं बाजारात जाऊन कार्ड आणलं, सह्या गोळा केल्या, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं, पण उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मी ते कार्ड फाडलं.

परत आल्यावर तुम्ही वही पुढे केलीत, तर मी हेच लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि वही माझ्याकडे सरकवलीत. "तीन हातांवरून तिकीट लावून पाठवली ती. केवढें जपून पाठवली असेल. तूं फाडलीस हें वाईट. पण ही चूकसुद्धां तुझी खरी नव्हे. तुझी सांग."

"हीच माझी."

"सरी," म्हणालात आणि माझं उजवं पान कोरं ठेवलंत. सहा वर्षं ते कोरंच आहे. मधून मधून, कॉफी देताना, कपडे वाळत घालताना, सहज विचारावं तसं विचारायचात, "तुझी चूक राहिली गे." मी म्हणायचे, आठवत नाही. तुम्हाला कळलं होतं का? दीड हजार पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईला माझा वाचता आला नसेल? कधी वाटतं, कळलं होतं, आणि म्हणूनच तुम्ही तो कागद माझ्या हातात दिलात. कधी वाटतं, मी तुमच्यावर आणखी एक हुशारी लादते आहे. या दोन्हींच्या मधे मी फेऱ्या मारते आहे.

म्हणून त्या सकाळी, अक्का. तुम्ही खुर्चीत होतात, चष्मा तसाच, पेपर मांडीवर. मी डॉक्टरांना बोलावलं, मग रघूला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. तो म्हणाला, "मी येतों. थांबवा तिला. प्लीज, थांबवा." मला त्या क्षणी तुम्ही दिसत नव्हतात, तुमचा कागद आठवत नव्हता, हे म्हणणं खोटं. कागद आठवत होता, अक्षर न् अक्षर. पण माझ्या डोळ्यांसमोर ती काळी छत्री होती. मी म्हटलं, "या. थांबवते."

त्याचं मधलं विमान चुकलं. दोन दिवसांचे जवळजवळ अडीच झाले. ज्या खुर्चीवर तुम्ही सरांपाशी बसला होतात, तिथे मी बसले. आणि तुमचं म्हणणं खरं निघालं. मोटार चालू व्हायची, बंद व्हायची, पुन्हा चालू व्हायची, आणि मला रडताच येईना. तुम्ही गेलात असं वाटतच नव्हतं. मी तुमची माफी मागायला तोंड उघडायचे आणि कुणीतरी हार घेऊन यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमच्यावरच चिडले. एवढंच होतं तर मला का निवडलंत? तात्यांना द्यायचा होतात कागद.

रघू आला. बूट काढून आत आला, काचेवर हात ठेवला आणि म्हणाला, "किती बारीक झाली." तासाभरात तुम्हाला नेलं.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर तो गच्चीवर उभा होता, तिथे मी त्याला तुमचा कागद दिला. जे काय बोलायचं ते त्यानं बोलावं म्हणून उभी राहिले. त्यानं वाचला, घडी घातली.

"मला माहीत होतें," म्हणाला. "दर रविवारीं फोनवर सांगायची."

"मग थांबवा का म्हणालात?"

"मला वाटलें, तुम्ही नाहीं म्हणाल. अम्माच सांगितली होती, वरची पोरगी ऐकणार नाहीं, ती नाहीं म्हणेल." कागद खिशात ठेवत म्हणाला, "नाहीं म्हटल्या असतां तर मी जन्मभर तुमच्यावर रागावलों असतों, आणि घरीं बसून रडलों असतों. विमानांत सगळा वेळ देवाला म्हणत होतों, थांबवलेली असूं दे. आणि आंत आलों तर वाटलें, ही अम्मा नव्हे. आतां काय बरें झालें असतें, मला सांगतां येत नाहीं."

मलाही सांगता येत नाही, अक्का. मी त्याला दर्शन दिलं की त्याचं रडणं हिरावलं, हे त्यालाच कळत नाही तर मला काय कळणार. एवढं मात्र कळलं की मी तुम्हाला रघूसाठी थांबवलं नव्हतं. मी बाबांना थांबवत होते, सहा-सात वर्षं उशिरा, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या मर्जीविरुद्ध. तुम्ही मेल्यावरसुद्धा माझ्या उपयोगी पडलात. याचा मला राग येतो, आणि तुमचे पाय धरावेसे वाटतात, दोन्ही एकदमच.

रघू जाताना हॉलची किल्ली मला देऊन गेला. वर्ग बंद करू नका म्हणाला. शनिवारी नऊ मुलं येणार आहेत, त्यांतली चार आमच्या कारखान्यातली. शिवाय कंपनी मलाच पुन्हा जर्मनीला जा म्हणते आहे, या खेपेला तीन वर्षं, आणि मी दीड महिना साहेबांना टोलवते आहे. तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "आई कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे.

काल मी हॉल झाडला, गोलाची वायर परत प्लगमध्ये लावली, वही काढली. माझं पान उघडलं. कार्डाची गोष्ट खोडली आणि खाली लिहिलं: बाबांना विचारलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. अक्कांना दिलेला शब्द मोडला. तीन ओळी, आणि समोर तुमची कोरी जागा. नऊ मुलांना मी कुठल्या तोंडानं गृहपाठ देणार होते? मी फोन उचलला आणि कराडला लावला.

"आई, एक विचारू? रागवू नकोस. तुझं काही झालं आणि मी लांब असले, तर मी पोचेपर्यंत थांबवायचं का तुला?"

मागे कुकरची शिट्टी झाली. "सकाळच्या पारी काय अभद्र बोलतीस गं? बरं नाही का तुला?" आणि फोन ठेवला.

मी हॉलमध्ये खिडकीपासून दारापर्यंत किती चकरा मारल्या कोण जाणे. वीसेक मिनिटांनी फोन वाजला.

"किती वेळ लागतो तुला यायला?"

"इथून आठ-नऊ तास, विमान मिळालं तर. जर्मनीहून दोन दिवस."

"दोन दिवस," ती म्हणाली. मनात काही मोजत असावी. "तुझ्या बाबांच्या वेळी मी म्हणत होते सगळ्यांना, पोरगीसाठी थांबा म्हणून. माझं कोण ऐकतंय."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, अक्का. मी विचारलंही नव्हतं. तुमच्या पेटीपाशी जे आलं नाही, ते रडू तिथे उभ्याउभ्या आलं. तुमच्यासाठी, बाबांसाठी, आता मला वेगवेगळं करता येत नाही. आई पलीकडे थांबली होती. माझं झाल्यावर पुढचं बोलली. तुमच्या लाल शाईच्या जागेत लिहायचा मला अधिकार नाही, पण ते मी माझ्या निळ्या पेनानं तिथे लिहून ठेवलं आहे, जसंच्या तसं, शनिवारी मुलांना वाचून दाखवायला:

"थांबीन की मी दोन दिवस. मला कुठं जायचंय? फक्त तू निघताना जेवून नीघ. इथं पोचशील तेव्हा चूल पेटलेली नसणार."